तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे सावकाश

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की सारोळ्याशी नीरा नदी आडवी येते. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्ह्यातला भोर तालुका संपतो. पलीकडे सातारा जिल्हा लागतो आणि शिरवळचे कारखाने दिसू लागतात. मागे, पश्चिमेला भोर आणि वेल्ह्याचा डोंगराळ मुलूख आहे: रोहिडा, रायरेश्वर, राजगड, तोरणा. १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षे या मुलखात बाजारहाट, लग्नकार्य, देवदर्शन बहुतेक पायीच होई. चढ लागला की नेटाने पावले टाकायची, माथ्यावर दम खायचा, उतारावर सैल चालायचे. भाताच्या खाचरांत चिखलणी आणि लावणी आली की अंग मोडेपर्यंत राबायचे, बांधावर बसून भाकरी खायची आणि पुन्हा वाकायचे.

गेल्या दोन पिढ्यांत हे सारे बदलले. महामार्ग रुंद झाला, घराघरांत मोटारसायकल आली, नांगरणीला यंत्र आले. सकाळी कंपनीची बस नाक्यावरून माणसे उचलते आणि पाळी संपली की तिथेच सोडते. अंगमेहनत घटली, ताटातला भात-साखर-तेल मात्र घटले नाही. ‘शुगर निघाली’ हे वाक्य पूर्वी शहरातल्या नातेवाइकांकडून ऐकू यायचे, आता ते गावच्या पारावर ऐकू येते. त्यावर डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि सांगतात, ‘रोज चालत जा.’ पण किती चालायचे आणि कसे चालायचे? साध्या वाटणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. जर्मनीतल्या धावपट्ट्या, हेलसिंकीचे ऑलिंपिक मैदान, स्वीडनची प्रयोगशाळा, जपानमधले एक शहर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातली खेडी असा त्या उत्तराचा प्रवास आहे.

जुना सल्ला, अपुरे माप

मधुमेहाला व्यायाम हवा, हे ज्ञान नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रोग्यांना दिलेला सल्ला आजही थक्क करतो. रोग बळावलेल्याने कुस्ती, खेळ, घोड्या-हत्तीवरची रपेट, पायी भटकंती असे व्यायाम करावेत. निर्धन रोग्याने पादत्राणे आणि छत्री सोडून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. कोणी सतत शेत कसावे, कोणी विहीर खणावी. या यादीला लागूनच सुश्रुत एक महत्त्वाची सूचना देतो: रोगी कृश असेल तर त्याचे बळ जपावे. म्हणजे सगळ्यांना एकच मात्रा नाही. स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे रोगी या वैद्यपरंपरेने वेगळे ओळखले होते.

आधुनिक वैद्यकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच दुवा आपल्या पद्धतीने पाहिला. १९०७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उष्ण प्रदेशातल्या मधुमेहावर झालेली चर्चा प्रसिद्ध झाली. बंगालमधल्या सुखवस्तू, बैठे काम करणाऱ्या वर्गात हा रोग फार दिसतो, असा अनुभव तिथे मांडला गेला. १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडले आणि मधुमेही माणूस जगू लागला. बोस्टनचे नामवंत तज्ज्ञ इलियट जॉसलिन आहार, इन्सुलिन आणि व्यायाम या तिन्हींवर सारखाच भर देत. आहाराला वजन-माप मिळाले, इन्सुलिनला एकके मिळाली. व्यायामाला मात्र माप मिळाले नाही. ‘फिरायला जात जा’ एवढ्यावरच तो सल्ला थांबला आणि जे मोजता येत नाही ते दवाखान्यात मागे पडत गेले.

धावपटूंची युक्ती

ते माप आधी वैद्यांना नव्हे, धावपटूंना सापडले. १९३०च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हान्स राइन्डेल हे हृदयतज्ज्ञ एकत्र काम करू लागले. लांब अंतर एका दमात धावण्याऐवजी त्यांनी सरावाचे तुकडे पाडले. छोटे अंतर जोरात धावायचे, नाडी मिनिटाला १८०च्या आसपास न्यायची, मग ती १२०पर्यंत खाली येऊ द्यायची आणि पुन्हा धावायचे. हृदयाला खरे बळ मिळते ते धावताना नव्हे, मधल्या विसाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच या पद्धतीला ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणजे मधल्या अवकाशाचे नाव पडले. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १५ जुलै १९३९ रोजी मिलानमध्ये ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले. हा विश्वविक्रम १९५५पर्यंत टिकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ही पद्धत टोकाला नेली. ४०० मीटरच्या फेऱ्या, मध्ये हलकी धाव, पुन्हा फेरी, असे तो एका दिवसात कितीतरी वेळा करी. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकली. त्याआधी तो मॅरेथॉन कधी धावलाही नव्हता.

हेच ऑलिंपिक मराठी माणसाच्या स्मरणात आहे ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांमुळे. झाटोपेकच्या १०,००० मीटरच्या विजयानंतर तीन दिवसांनी, २३ जुलै १९५२ रोजी, खाशाबांनी बँटमवेट गटाच्या कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्या तालीम-संस्कृतीत खाशाबा वाढले, तिची मेहनतही अशीच तुकड्यांची होती. जोर काढायचे, श्वास जुळवायचा. बैठका मारायच्या, थांबायचे. मातीत झटायचे आणि पुन्हा दम घ्यायचा. या चढउताराला आपल्याकडे कोणी शास्त्रीय नाव दिले नव्हते, पण त्यातून उभे राहणारे शरीर सर्वांना ठाऊक होते.

विसावा मोजणारी प्रयोगशाळा

खेळातली ही युक्ती सामान्य माणसाच्या कामाला लागू पडते का? पहिला धागा लंडनच्या रस्त्यावर मिळाला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. वाहकाचे काम सलग नव्हते. दोन-चार पायऱ्या चढणे, तिकिटे फाडणे, उतरणे, थांबणे असे ते तुकड्यातुकड्यांचे होते.

दुसरा धागा १९६०च्या स्टॉकहोमच्या प्रयोगांचा. इर्मा आणि पेर-ओलोफ ओस्ट्रांड, एरिक होहवू क्रिस्टेन्सेन आणि रोल्फ हेडमन यांनी एका तंदुरुस्त माणसाला व्यायामाच्या सायकलवर जड भार देऊन पाहिले. सलग पायडल मारताना तो सुमारे नऊ मिनिटांत थकून थांबला. तोच भार ठरावीक काळ काम आणि तेवढाच विसावा अशा रीतीने दिला, तेव्हा तो तासभर टिकला. त्यातही तीन मिनिटे काम आणि तीन मिनिटे विसावा या क्रमाने तो तासाअखेर पार दमला, तर तीस सेकंद काम आणि तीस सेकंद विसावा या क्रमात त्याला तेच एकूण काम कितीतरी हलके गेले. कामाची बेरीज तीच, भारही तोच. फरक पडला तो विसावा कसा वाटला यामुळे. डोक्यावर भारा घेऊन चढ चढणारी बाई मधल्या धोंड्यावर क्षणभर टेकते, त्यामागचे शरीरशास्त्र स्टॉकहोमच्या या प्रयोगात आकड्यांनी नोंदले गेले. पण त्या वेळी या निष्कर्षाचा उपयोग खेळाडूंनी आणि श्रमशास्त्रज्ञांनी केला. मधुमेहाच्या दवाखान्यापर्यंत तो पोचायला आणखी चार दशके लागली.

पुण्याच्या खेड्यांनी शिकवलेला धडा

मधल्या काळात भारतात रोगाचे चित्र पालटत होते. १९७०च्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) सहा केंद्रांवर मधुमेहाची पाहणी केली. त्यांत पुणे हे एक केंद्र होते. शहरांत सुमारे २.१ टक्के आणि खेड्यांत १.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला. ‘हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग’ ही समजूत तेव्हा पक्की होती.

तिला तडा दिला तो पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या संशोधनाने. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९८०च्या दशकात तिथे मधुमेहींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला मधुमेही वयस्कर आणि लठ्ठ होता. पुण्यात दिसणारा रोगी त्या मानाने तरुण आणि वजनाने हलका होता, पण त्याच्या पोटाभोवती चरबी होती. हे कोडे सोडवायला संशोधक खेड्यांत गेले. डॉ. बानू कोयाजी यांनी के.ई.एम.तर्फे शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. स्त्रियांची नोंद गर्भ राहण्याआधीपासूनच होऊ लागली. या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते.

त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. पुण्याकडचे बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. हातपाय, पोट, स्नायू या सगळ्यांत आपली बाळे लहान होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. वजनाने बारीक आणि आतून चरबीचे, असे हे ‘थिन-फॅट’ बाळ २००३ साली शास्त्रीय साहित्यात नोंदले गेले. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना सारखेच ठरवले होते. या जाणिवेतून पुढे २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा ठरवल्या: बीएमआय २३च्या पुढे जादा वजन, २५च्या पुढे लठ्ठपणा, कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंतच ठीक.

सहा गावांच्या त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि व्यायामाच्या इतिहासात ती फार मोलाची आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांच्या कामाची मोजदाद केली. शेत, पाणी, सरपण आणि घर यांचा भार ज्यांच्यावर जास्त, त्यांची बाळे लहान होती. म्हणून पूर्वीचे कष्टाचे जगणे म्हणजे आरोग्याचा सुवर्णकाळ होता असे कोणी म्हणू नये. अर्धपोटी शरीरावर लादलेले अखंड श्रम हा व्यायाम नव्हे. व्यायामात माणसाला थांबायची मुभा असते, पोटाला पुरेसे असते आणि भार किती घ्यायचा हे त्याच्या हाती असते. कृश रोग्याला जपावे असे सुश्रुत सांगतो, ते याच अर्थाने खरे ठरते. आणि धोका तिथेच जास्त आहे जिथे आई-आजी अर्धपोटी राबल्या, मूल स्नायूंनी दुबळे जन्मले आणि मोठेपणी त्याच्या वाट्याला भरपूर अन्न आणि बैठे काम आले. सारोळ्यासारख्या महामार्गालगतच्या गावांत हा बदल एकाच आयुष्यात घडला आहे.

दवाखान्याने व्यायाम स्वीकारला

व्यायामाने मधुमेह टाळता येतो याचा पहिला मोठा पुरावा चीनमधून आला. दा चिंग शहरात १९८६ साली साखर सीमारेषेवर असलेल्या ५७७ लोकांना गटांत विभागले गेले. सहा वर्षांनंतर आहार-बदलाच्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी, तर व्यायामाच्या गटात ४६ टक्क्यांनी कमी आढळले. २००१ साली फिनलंडने आणि २००२ साली अमेरिकेने आहार-व्यायामाच्या एकत्रित कार्यक्रमाने ५८ टक्के घट दाखवली. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६च्या अभ्यासात ५३१ भारतीयांमध्ये ही घट २८.५ टक्के होती. आकडा लहान, तरी औषधाच्या तोडीस तोड.

हे कसे घडते, हेही याच सुमारास उलगडले. जेवणानंतर रक्तातली साखर खेचून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. त्यासाठी ‘ग्लुट-४’ नावाचे प्रथिन पेशीच्या आतून पृष्ठभागावर यावे लागते. इन्सुलिनच्या हाकेने ते येते. लठ्ठपणात आणि मधुमेहात स्नायू ही हाक नीट ऐकत नाहीत. पण स्नायू आकुंचन पावला की हेच प्रथिन इन्सुलिनशिवायही वर येते आणि मधुमेहींमध्ये हा मार्ग बराचसा शाबूत असतो. पुढचे दार अडले तरी मागच्या दाराने साखर आत जावी, तसे हे आहे. शिवाय व्यायामात खर्च झालेला साठा भरून काढण्यासाठी स्नायू पुढचे एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. हलक्या चालण्यात स्नायूंतले काही तंतू कामाला लागतच नाहीत. जोर वाढला की ते जागे होतात. जोराच्या छोट्या तुकड्यांचे महत्त्व इथे आहे.

धावपट्टीवरची युक्ती आता दवाखान्याच्या दिशेने निघाली. १९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांनी स्पीड-स्केटिंगच्या सरावावरून घेतलेली पद्धत तपासली: वीस सेकंद जिवाच्या आकांताने, दहा सेकंद विसावा, अशा सात-आठ फेऱ्या. २००५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने दोन आठवड्यांत सहा वेळा केलेल्या तीस-तीस सेकंदांच्या अतिवेगवान सायकलिंगने दम टिकण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झालेला दाखवला. जग चकित झाले, पण हा मारा तरुण आणि निरोगी माणसांनाच पेलणारा होता. मग त्याच गटाने भार उतरवला. २०११ साली टाइप-२ मधुमेहाच्या आठ रुग्णांना एक मिनिट जोर, एक मिनिट विसावा, अशा दहा फेऱ्या देण्यात आल्या. दोन आठवड्यांत असे सहाच दिवस. चोवीस तासांची सरासरी साखर सुमारे १३७वरून ११९पर्यंत उतरली. माणसे फक्त आठ होती, पण दिशा स्पष्ट होती.

नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइम इथेही पावले पडत होती. चार मिनिटे जोर, तीन मिनिटे हलके, असे चार वेळा, ही पद्धत तिथे आधी हृदयरोग्यांवर आणि २००८ साली पोट सुटलेल्या, रक्तदाब-साखर बिघडलेल्या ३२ जणांवर वापरली गेली. सोळा आठवड्यांत जोराच्या तुकड्यांनी चालणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता ३५ टक्क्यांनी वाढली, सलग मध्यम गतीने चालणाऱ्यांची १६ टक्क्यांनी.

मात्सुमोतोची साधी पद्धत

या सगळ्या प्रयोगांत ट्रेडमिल, सायकल, नाडीमापक आणि शेजारी उभा असलेला तज्ज्ञ लागत होता. सामान्य माणसाला पेलेल अशी पद्धत जपानच्या मात्सुमोतो शहरात तयार झाली. शिन्शू विद्यापीठाचे हिरोशी नोसे आणि सहकारी वृद्धांची घटती ताकद थोपवू पाहत होते. सगळ्यांना व्यायामशाळेत आणणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त चालणेच घेतले आणि त्याचे दोन भाग केले: तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे सावकाश. अशा पाच किंवा जास्त जोड्या, आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस, पाच महिने. २००७ साली २४६ लोकांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय साठीच्या पुढे होते. आलटूनपालटून चालणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद वाढली, दम वाढला, रक्तदाब उतरला. सलग मध्यम गतीने चालणाऱ्यांना एवढा लाभ झाला नाही.

या पद्धतीतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिचे माप. ‘भरभर’ म्हणजे ताशी अमुक किलोमीटर नव्हे. ज्याच्या त्याच्या कमाल क्षमतेच्या सत्तर टक्क्यांहून जास्त, एवढेच. सत्तर वर्षांच्या आजींचे भरभर वेगळे, तिशीतल्या कामगाराचे वेगळे. खेळाडूंच्या मैदानावर जन्मलेली पद्धत इथे सर्वांची झाली.

मधुमेहींवर तिची नेमकी परीक्षा कोपनहेगनमध्ये झाली. क्रिस्टियन कार्स्टॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली टाइप-२ मधुमेहाच्या ३२ रुग्णांचे तीन गट केले. एक नेहमीसारखा राहिला. दुसरा आठवड्यातून पाच दिवस तासभर सलग चालला. तिसरा तेवढाच वेळ तीन-तीन मिनिटांच्या आलटापालटीने चालला. दोन्ही चालणाऱ्या गटांनी खर्च केलेली ऊर्जा सारखीच राहील अशी व्यवस्था होती. चार महिन्यांनी तिसऱ्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता १६ टक्क्यांनी वाढली, वजन सरासरी ४.३ किलोंनी उतरले, पोटातली चरबी घटली आणि अंगावर लावलेल्या मापकाने दिवसभराची साखर कमी झालेली दाखवली. सलग चालणाऱ्यांत हे बदल दिसले नाहीत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी मात्र कोणत्याच गटात लक्षणीय बदलली नाही.

काय साधले, काय नाही

या प्रवासाचे फलित तोलताना उत्साहाइतकाच समतोलही हवा. पुढच्या वर्षांत असे पुष्कळ प्रयोग झाले आणि त्यांचा एकत्रित विचार केला गेला. आलटूनपालटून व्यायाम केल्याने दम निश्चित वाढतो, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. पण एकूण मेहनत सारखी असेल तर साखरेच्या बाबतीत सलग व्यायामापेक्षा त्याचा फायदा फार मोठा ठरत नाही. त्याने कमी वेळात तेवढाच लाभ मिळतो, हे मात्र खरे. ज्याला सलग तासभर सावकाश चालणे मानवते, त्याने ते सोडण्याचे कारण नाही. आणि आहार तसाच राहिला तर केवळ चालण्याने वजन उतरेल, अशी आशा धरू नये.

मोठा बदल घडला तो विचारात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या मार्गदर्शनानुसार व्यायामाचा तुकडा किमान दहा मिनिटांचा असला तरच तो मोजला जाई. २०२०च्या मार्गदर्शनात ती अट गेली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सांगताना त्यातला प्रत्येक लहान तुकडा जमेस धरला जाऊ लागला. या दोन मार्गदर्शनांच्या मधल्या काळात ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात बसून राहणारी जाड माणसे दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालली, तरी त्यांची जेवणानंतरची साखर कमी चढली. कारखान्यात किंवा कार्यालयात आठ तास खुर्चीवर असणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष फार कामाचा आहे.

आपल्याकडे त्याची निकड किती आहे, ते आकडेच सांगतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत महाराष्ट्राच्या शहरांत १०.९ टक्के आणि खेड्यांत ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. १९७०च्या दशकातल्या चाचण्या वेगळ्या होत्या, त्यामुळे तेव्हाच्या दीड टक्क्याशी याची काटेकोर तुलना करता येत नाही. पण बदलाची दिशा वादातीत आहे. याच पाहणीच्या २०१४च्या अहवालात निम्म्याहून अधिक लोक पुरेशी हालचाल करत नाहीत असे दिसले. २०२३ साली देशभराचा हिशेब आला तेव्हा मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेली होती आणि साखर सीमारेषेवर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक होते. खेडे आणि शहर यांतली दरी झपाट्याने बुजते आहे.

भोर-वेल्ह्याकडे या उपायासाठी लागणारे सगळे काही आहे: चढ-उतार, मोकळ्या वाटा, पहाटेची थंड हवा. लागते ती फक्त रीत. आधी पाच मिनिटे सहज चालावे. मग तीन मिनिटे इतके भरभर की तोडके-तोडके बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. पुढची तीन मिनिटे श्वास शांत होईपर्यंत सावकाश. अशा पाच जोड्या झाल्या की अर्धा तास पुरा होतो. घड्याळ नसेल तर विजेच्या खांबांच्या हिशेबाने चालावे. महामार्गाच्या कडेने चालू नये, शिवारातली किंवा गावातली वाट धरावी. सुरुवातीला तीन मिनिटे जमत नसतील तर एकच मिनिट पुरे.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर वाढवू नये. छातीत दुखणारे, हृदयविकार असलेले, डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेले, पायांना बधिरपणा किंवा जखम असलेले लोक त्यांत येतात. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा आणि घाम, थरथर, चक्कर आली की लगेच थांबावे. अशक्त, कृश रोग्याने आधी पुरेसे खावे, ताकद भरून काढावी, मग चालण्याचा भार वाढवावा.

ग्रामपंचायतींना आणि आरोग्य उपकेंद्रांना एकच विनंती आहे. रक्तातली साखर तपासून गोळ्या देणे जितके आवश्यक आहे, तितकेच चालण्याची नेमकी मात्रा लिहून देणेही आवश्यक आहे: किती मिनिटे भरभर, किती मिनिटे सावकाश, आठवड्यातून किती दिवस. बायकांना सुरक्षितपणे चालता येईल अशी उजेडाची एक वाट प्रत्येक गावात असावी आणि कारखान्यांनी पाळीच्या मध्ये चालण्यासाठी काही मिनिटे राखून ठेवावीत. शंभर वर्षांच्या या इतिहासाने दिलेला निर्वाळा स्पष्ट आहे: मेहनत आणि विसावा दोन्ही मापात घेतले, तर चालणे हे मधुमेहावरचे खरेखुरे औषध आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.